उपग्रह आणि बाभळीचा काटा



शालेय अभ्यासक्रमात आणि वर्गातील अध्यापनात तंत्रविज्ञानाचे स्थान कोणते असावे, या विषयावर चार शब्द बोलावेत अशी आपण मला आज्ञा केली आहे. मी शिक्षणशास्त्राची पंडित नव्हे. माझा अभ्यास मराठी भाषेचा आणि व्यवसाय अनुवादाचा. अन्य भाषांतील ग्रंथ मराठीत आणताना भारतातील शिक्षणविषयक प्रयोगांचा जो परिचय घडला, त्याच्या आधारे मी आज आपल्यापुढे उभी आहे.

'तंत्रविज्ञान' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा सर्वांत नवे यंत्र उभे राहते. काल दूरचित्रवाणी संच होता, मग संगणक आला, आज हातातला फोन आहे. पण फळा, खडू, पाटी आणि छापील पाठ्यपुस्तक हीदेखील तंत्रविज्ञानाचीच फळे होत. आपण त्यांना इतके सरावलो आहोत की ती आपल्याला यंत्रविद्येचा भाग वाटतच नाहीत. तेव्हा शाळेत तंत्रविज्ञान असावे की नसावे हा वाद मला फारसा फलदायी वाटत नाही. ते शाळेत केव्हाचेच आलेले आहे. विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. एखादे साधन वर्गात आले म्हणजे त्याची सूत्रे कोणाच्या हाती राहतात? आणि त्या साधनाबरोबर अभ्यासक्रम, परीक्षा आणि अध्यापनाची भाषा यांत काही बदल होतो की नाही?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९७० नंतरच्या दशकात आपल्याच देशात, आणि काही अंशी एकाच राज्यात, दोन मोठे प्रयोग झाले. एक आकाशातून आला. दुसरा गावातल्या वस्तू गोळा करून उभा राहिला. हे दोन प्रयोग शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर पुष्कळशा गोष्टी स्पष्ट होतात.

पहिला प्रयोग उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो 'साइट' या नावाने ओळखला गेला. विक्रम साराभाई यांनी त्याची कल्पना मांडली, १९६९ साली अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेशी त्यासंबंधी करार झाला. परंतु तो प्रत्यक्षात आलेला पाहण्यापूर्वीच, डिसेंबर १९७१ मध्ये, साराभाईंचे निधन झाले. अमेरिकेचा 'एटीएस-६' हा उपग्रह एक वर्षापुरता भारताच्या वापरासाठी देण्यात आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत त्याचे कार्यक्रम थेट पोहोचले. खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, सुमारे तीन मीटर व्यासाची छत्री गावातल्या सार्वजनिक इमारतीवर बसविलेली असे. ती इमारत बहुधा शाळेचीच. जेथे वीज नव्हती अशा काही गावांत संच बॅटरीवर चालविला जाई. जगात अशा तऱ्हेचा एवढा व्यापक प्रयोग त्यापूर्वी कोठेही झालेला नव्हता, आणि तो यशस्वीपणे चालविणाऱ्या आपल्या अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच होय.

आता शाळेच्या दृष्टीने त्याकडे पाहू. सकाळचा दीड तास पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठी राखून ठेवलेला होता. हिंदी, उडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषांमध्ये तो विभागला गेला. अर्थात प्रत्येक भाषेच्या वाट्याला साडेबावीस मिनिटे आली. पाच वर्षांचे मूल आणि बारा वर्षांचे मूल एकाच पडद्यासमोर, एकाच कार्यक्रमासाठी बसत असे. कार्यक्रम मुद्दामच पाठ्यक्रमाशी बांधलेले नव्हते. मुलांची जिज्ञासा वाढावी, त्यांना जग दिसावे हा हेतू होता. हेतू उत्तमच होता. परंतु शिक्षकाच्या बाजूने विचार करून पाहा. त्याच्या पुढ्यात वर्षअखेरीची परीक्षा उभी आहे आणि ती ठराविक पाठ्यपुस्तकावरच होणार आहे. साडेबावीस मिनिटे संपली, संच बंद झाला, की तो पुन्हा पुस्तकाकडे वळे. यात त्याचा दोष काढता येणार नाही. साधन नवे आले होते. त्याच्याकडून अपेक्षिलेले काम मात्र जुनेच राहिले होते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मोठ्या प्रामाणिकपणे झाले. काही गावांत मानववंशशास्त्रज्ञ मुक्काम करून राहिले. मुलांच्या भाषिक विकासात प्रगती आढळली आणि नवी माहिती मिळविण्याची त्यांची ओढ वाढल्याचे दिसले. शाळेतील हजेरी आणि गळती यांवर मात्र लक्षणीय परिणाम दिसून आला नाही. जे मूल गुरे राखण्यासाठी किंवा धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहत होते, त्याच्या घरची अडचण पडद्यावरील चित्राने कशी दूर व्हावी?

येथे एक अनुवादक म्हणून मला भाषेसंबंधी थोडे अधिक बोलावयाचे आहे. बिहार, मध्य प्रदेश आणि राजस्थान या तीन राज्यांसाठी एकच प्रमाण हिंदी भाषा वापरली गेली. त्या वेळी मध्य प्रदेशातील निवडलेले जिल्हे रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग हे होते. आज ते छत्तीसगडमध्ये आहेत, आणि तेथील मुलांच्या घरची भाषा छत्तीसगढी. बिहारमध्ये दरभंगा आणि सहरसा येथील मुले मैथिली बोलणारी. सहासात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने प्रमाण हिंदी ही शाळेत गेल्यावर शिकावयाची भाषा होती. पाठ्यपुस्तकातील शब्द अडला तर शिक्षक तेथे थांबतो, आपल्या बोलीत तो समजावून सांगतो आणि मग पुढे जातो. हे शिक्षकाने जागच्या जागी केलेले भाषांतरच होय, आणि आपल्या देशातील कित्येक वर्गांत ते दररोज चालत असते. आकाशातून येणारे चित्र थांबत नाही. जो शब्द मुलाला कळला नाही तो मागे पडतो आणि पुढचा येतो. त्याच काळात गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील लहानशा प्रक्षेपण केंद्रावरून त्या भागातील बोलीत ग्रामीण कार्यक्रम होऊ लागले आणि लोकांनी ते आपले मानले. साधन एकच, दूरचित्रवाणी. फरक होता तो बोलणारा किती जवळचा आहे याचा.

तथापि 'साइट'चा एक भाग मला विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा त्या मानाने कमी होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये आणि पुढे १९७६ साली, दोन खेपांत मिळून सुमारे ४८,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. या प्रशिक्षणात दूरचित्रवाणी एकटी नव्हती. तिच्या जोडीला आकाशवाणीवरील पाठ होते, छापील साहित्य होते, शिक्षकांनी स्वतः करून पाहावयाचे प्रयोग होते, आणि प्रत्येक केंद्रावर शंका विचारता येईल असा एक मार्गदर्शक होता. पडद्यावर पाहिलेले हाताने करून पाहावयाचे आणि अडल्यास समोरच्या माणसाला विचारावयाचे, अशी ती रचना होती. जेथे यंत्राच्या भोवती माणसांची अशी बैठक बसविली गेली तेथे त्याच उपग्रहाने अधिक काम दिले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता दुसऱ्या प्रयोगाकडे वळू. 'साइट'च्या तीन वर्षे आधी, १९७२ साली, त्याच मध्य प्रदेशात, नर्मदेकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा माध्यमिक शाळांत विज्ञान शिकविण्याचा एक नवा कार्यक्रम सुरू झाला. आज हा जिल्हा नर्मदापुरम या नावाने ओळखला जातो. 'किशोर भारती' आणि रसूलिया येथील 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या दोन संस्थांनी त्यासाठी पुढाकार घेतला. टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि दिल्ली विद्यापीठ येथील शास्त्रज्ञ व प्राध्यापक गावोगावच्या शिक्षकांबरोबर काम करू लागले. विज्ञान पाठ करून येत नाही, ते करून पाहिल्याने येते, हे तत्त्व तेव्हाही सर्वांना ठाऊक होते. होशंगाबादच्या मंडळींनी वेगळे केले ते असे, की या तत्त्वाप्रमाणे वागावयाचे तर शाळेतील काय काय बदलावे लागेल याचा त्यांनी शेवटपर्यंत पाठपुरावा केला.

प्रथम साधने बदलली. काचेची महागडी उपकरणे कपाटात कुलूपबंद राहतात, कारण फुटली तर भरपाई कोण करणार ही भीती शिक्षकाच्या मनात असते. म्हणून प्रयोगाची पेटी स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या वस्तूंची केली. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा चालेल असे ठरले. काटा मोडला तर शाळेबाहेरच्या झाडावरून दुसरा आणता येतो. त्यासाठी वरिष्ठांकडे मागणीपत्र पाठवावे लागत नाही. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि काड्यापेटीतील काड्या यांतून भूमितीच्या आकृत्या बांधण्याची युक्ती अरविंद गुप्ता यांना याच कार्यक्रमात सुचली, आणि तेच गुप्ता पुढे पुण्याच्या 'आयुका' संस्थेत मुलांसाठी अनेक वर्षे खेळणी करीत राहिले.

पण केवळ पेटी बदलून ते थांबले नाहीत. पाठ्यपुस्तक बदलले. 'बाल वैज्ञानिक' या नावाच्या पुस्तकांत प्रयोग होते आणि प्रश्न होते. उत्तरे मुलांनी शोधून लिहावयाची होती. चार चार मुलांच्या टोळ्या करून प्रयोग होत. शिक्षकांची दीर्घ प्रशिक्षणे होत, दर महिन्याला जवळच्या संगम केंद्रावर ते एकत्र जमत, आणि वर्गात काय जमले नाही याची चर्चा करीत. त्यांच्या अनुभवानुसार पुस्तकातील प्रकरणे पुन्हा लिहिली जात. आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे परीक्षाही बदलली. मुलांनी पुस्तक आणि वही जवळ ठेवून उत्तरे लिहावयाची. शिवाय प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवावयाचा. ज्या परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा आहे, त्या परीक्षेसाठी पाठांतर करून काय साधणार? या एका बदलाने शिक्षकाला प्रयोग करून घेण्याचे कारण मिळाले. एरवी तो कितीही उत्साही असला तरी मार्च महिना जवळ आला की पाठांतराकडेच वळला असता.

या पुस्तकांतून मुलांना 'सवालीराम' नावाच्या एका काल्पनिक व्यक्तीची ओळख करून दिलेली होती. मनात येईल तो प्रश्न पत्राने सवालीरामला विचारावा, असे मुलांना आवाहन असे. मुले पत्रे लिहीत आणि कार्यक्रमातील मंडळी त्यांना उत्तरे पाठवीत. एक पोस्टकार्ड एवढेच त्याचे तंत्रविज्ञान. परंतु उपग्रहाच्या वाहिनीवरून जे कधी उलट दिशेने गेले नाही, ते त्या पोस्टकार्डावरून गेले: मुलाचा प्रश्न.

१९७८ साली हा कार्यक्रम सबंध होशंगाबाद जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन होऊन तिने पुढील काम अंगावर घेतले आणि कार्यक्रम अन्य जिल्ह्यांतही पोहोचला. २००२ साली राज्य शासनाने तो बंद केला.

हे ऐकून कोणी म्हणेल, की पहिल्या प्रयोगाचे अपयश आणि दुसऱ्याचे यश असा निवाडा मी करीत आहे. तसे करणे अन्यायाचे ठरेल. उपग्रहाने एका वर्षात २,४०० गावे गाठली. होशंगाबादच्या मंडळींना सोळा शाळांपासून एका जिल्ह्यापर्यंत जाण्यास सहा वर्षे लागली. आपल्या देशाचा विस्तार पाहता वेगाचे महत्त्व कमी लेखून चालणार नाही. जे मूल आज सहावीत आहे ते सहा वर्षे थांबू शकत नाही. शिवाय हे दोन प्रवाह परस्परविरोधीही नव्हते. 'साइट'च्या काळात अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक असलेले प्रा. यश पाल यांनीच पुढे, १९९३ साली, दप्तराच्या ओझ्यासंबंधीच्या समितीचा अहवाल सादर केला. मुलांच्या पाठीवरील भारापेक्षा न समजलेल्या गोष्टींचा भार अधिक जड असतो, हे त्या अहवालाचे सार होय. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते. ज्याने आकाशातून शिक्षण पोहोचविण्याच्या कामाचे नेतृत्व केले, त्याच विचारवंताने मुलाच्या समजुतीला अभ्यासक्रमाचे केंद्र मानावे, यात मला विसंगती दिसत नाही. अनुभवाची ती स्वाभाविक परिणती आहे.

त्यानंतरच्या काळाचा धावता आढावा घेऊ. १९८४ साली शाळांत संगणक पोहोचविण्याचा केंद्र शासनाचा प्रकल्प सुरू झाला, आणि ब्रिटनमध्ये तयार झालेले 'बीबीसी मायक्रो' हे संगणक अडीचशे शाळांपासून प्रारंभ करून आपल्या वर्गांत आले. सप्टेंबर २००४ मध्ये 'एज्युसॅट' हा केवळ शिक्षणासाठी वाहिलेला उपग्रह भारताने सोडला. दर वेळी साधन अधिक समर्थ होत गेले, आणि दर वेळी तेच जुने प्रश्न पुन्हा उभे राहिले.

संगणकाने काहीच साधत नाही असेही नाही. दिल्लीत शाळेच्या वेळेनंतर चालणाऱ्या काही केंद्रांत मुलांना गणित आणि हिंदी शिकविणाऱ्या एका संगणकीय कार्यक्रमाचा काटेकोर अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. अवघ्या साडेचार महिन्यांत मुलांची प्रगती नजरेत भरण्याजोगी होती. पण तिचे कारण पाहा. सहावीतील मुलाला प्रत्यक्षात तिसरी-चौथीचे गणित येत नसेल, तर हा कार्यक्रम तेथूनच सुरुवात करीत असे. साधन मुलाच्या पातळीवर उतरले. शिवाय निम्मा वेळ लहान गटाला शिकविणारी व्यक्ती समोर असे.

केरळ राज्याचे उदाहरणही येथे घेण्यासारखे आहे. २००१ साली तेथे शाळांत माहितीतंत्रविज्ञान आणण्याचे काम सुरू झाले. थोड्याच वर्षांत हा विषय दहावीच्या परीक्षेत समाविष्ट झाला, ज्यांत कोणालाही बदल करता येतात अशा मुक्त संगणकीय प्रणाली स्वीकारल्या गेल्या, आणि प्रशिक्षकांचे काम शाळांतील शिक्षकांवरच सोपविण्यात आले. सामग्री मलयाळम भाषेत तयार होऊ लागली. १ जून २०२० रोजी, महासाथीमुळे शाळा बंद असताना, त्या राज्याने स्वतःच्या शैक्षणिक वाहिनीवरून वर्ग सुरू केले. ही सिद्धता एका दिवसात झालेली नव्हती. तिच्यामागे वीस वर्षांची घडण होती.

त्या महासाथीने सबंध देशापुढे आरसाच धरला. ग्रामीण भागातील शिक्षणाचे 'असर' या नावाने प्रसिद्ध होणारे सर्वेक्षण सांगते, की शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरांतील मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. ते २०२० मध्ये ६१.८ टक्के आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले. ही वाढ विलक्षण आहे. परंतु २०२१ च्याच पाहणीनुसार, घरी फोन असूनही सुमारे चौथा हिस्सा मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. घरात फोन एक. तो घेऊन घरातील मोठे माणूस कामावर जाई. जे साधन मुलाच्या हाती येत नाही ते त्याच्यापुरते अस्तित्वातच नसते. कुलूपबंद कपाटातील काचेच्या उपकरणांचीच ही नवी आवृत्ती म्हणावी लागेल.

आता तर लेखी प्रश्नाला तत्क्षणी उत्तर देणारी यंत्रे उपलब्ध झाली आहेत, आणि ती आपल्या भाषांतही बोलू लागली आहेत. उद्या ती वर्गात येतील. काही ठिकाणी आलीही आहेत. त्यांचे स्वागत करावे की धास्ती घ्यावी, असे मला शिक्षक विचारतात. माझे उत्तर असे, की त्यांना काही साधे प्रश्न विचारून मग निर्णय करावा. हे साधन बिघडले, अथवा चुकीचे सांगू लागले, तर ते शिक्षकाच्या लक्षात येईल का, आणि त्यात फेरफार करण्याचा अधिकार त्याला असेल का? ज्या मुलाच्या घरी ते नाही, त्या मुलाला ते शाळेत पुरेसा वेळ हाताळावयास मिळेल का? मुलाच्या घरच्या भाषेपासून पाठ्यपुस्तकाच्या भाषेपर्यंतची वाट ते सोपी करील, की आणखी एक परकी भाषा मध्ये आणून उभी करील? आणि परीक्षेचे स्वरूप तेच राहणार असेल, तर हे साधन पाठांतराला अधिक वेगवान करण्यापलीकडे काय करणार आहे?

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर उपग्रह असो वा बाभळीचा काटा, दोन्ही साधने आपलीच आहेत. ती मिळाली नाहीत, तर सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती सर्वांत गरीब मुलाला. सधन घरातील मुलाला शाळेतील साधन निरुपयोगी ठरले तरी पर्याय असतात. त्याच्याकडे शिकवणी आहे, पुस्तके आहेत, शिकलेले आईवडील आहेत. ज्याला केवळ शाळेचाच आधार आहे, त्याच्या शिक्षणाची वर्षे मात्र एका फसलेल्या योजनेत निघून जातात आणि ती त्याला परत मिळत नाहीत. म्हणून नव्या साधनाच्या खरेदीचा प्रस्ताव जेव्हा जेव्हा येईल, तेव्हा त्या मुलाला नजरेसमोर ठेवून त्याचा विचार व्हावा, आणि तो विचार करणाऱ्यांत त्या मुलाचा शिक्षक असावा. एवढी विनंती आपणांस करून मी माझे भाषण संपविते.